बांगलादेशी कपड्यांचा ‘कोटा परवाना’: अडीच लाख भरण्याआधी

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. कल्याणला आमचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे, थोडं होलसेलही चालतं. मिस्टरांचे आतेभाऊ पूर्वी मुंबईत एका कपडा व्यापाऱ्याकडे होते, आता स्वतः आयातीची कामं घेतात. त्यांचं म्हणणं असं, की बांगलादेशातून टी-शर्ट आणि लेगिंग्ज आणले तर ड्युटी शून्य लागते, पण त्यासाठी दिल्लीहून कोटा परवाना काढावा लागतो आणि त्याचे अडीच लाख आधी द्यावे लागतात. कोटा संपत आलाय, म्हणून याच महिन्यात पैसे हवेत. ढाक्याचा माल महाग पडला तर चीनचा माल ढाक्याच्या कागदांवर आणता येतो, असंही ते म्हणाले. नाहीतर श्रीलंकेचा कोटा आहेच. मिस्टर तयार आहेत. पैसे दुकानाच्या सीसी खात्यातून, म्हणजे बँकेनं दिलेल्या कॅश क्रेडिट कर्जातून, जायचे आहेत आणि त्या खात्यावर माझीही सही लागते. असा परवाना खरंच असतो का? सरळ मार्गानं हा धंदा आम्हाला जमेल का? आणि भाऊजींना नाही कसं म्हणायचं? — एक वाचक, कल्याण

उत्तर:

ताई, सही करू नका. बांगलादेशातून तयार कपडे आणायला कोणताही कोटा परवाना लागत नाही. जी गोष्ट अस्तित्वातच नाही, ती संपत आली म्हणून घाई करण्याचं कारण नाही.

तयार कपड्यांची आयात आपल्याकडे खुली आहे. तुम्हाला लागतो तो आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी. तो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, ज्याला सगळे डीजीएफटी म्हणतात, संकेतस्थळावर घरबसल्या निघतो. त्याची फी पाचशे रुपये. तो एकदाच काढायचा, फक्त दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती बरोबर असल्याची नोंद करायची. दिल्लीला कुणी जायची गरज नाही आणि कुणाला खूश करायचीही नाही.

भाऊजी मुद्दाम फसवताहेत, असं मी एका पत्रावरून म्हणणार नाही. या धंद्यातल्या जुन्या माणसांच्या डोक्यात कोटा बसलेला आहे आणि त्याला कारण आहे. १९७४ पासून २००४ च्या अखेरपर्यंत जगातला कपड्यांचा व्यापार कोट्यावरच चालत होता. अमेरिका, युरोप, कॅनडा या देशांनी कुठून किती शर्ट, किती पॅन्ट येऊ द्यायच्या याचे आकडे बांधून दिले होते. भारताच्या वाट्याला आलेला कोटा इथल्या निर्यातदारांमध्ये वाटला जायचा. तो हातात असणं म्हणजे पैसा होता, त्याची खरेदी-विक्रीसुद्धा व्हायची. १ जानेवारी २००५ ला हे सगळं संपलं. बांगलादेशाच्या बाबतीत तर खरोखरचा कोटा त्यानंतरही काही वर्षं होता: २००८ पासून वर्षाला ८० लाख नग बिनशुल्क, मग २०११ मध्ये ते १ कोटी नग झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा कपड्यांच्या ४६ प्रकारांवरची ड्युटी काढली गेली. नोव्हेंबरात साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार कराराखाली, अल्पविकसित देशांसाठी दारू-तंबाखूचे २५ प्रकार वगळून जवळपास सगळाच माल शुल्कमुक्त झाला. तेव्हापासून नगांची मर्यादा उरलेली नाही.

मग शून्य ड्युटी मिळते कशावर? माल कुठे तयार झाला, यावर. आणि तुमच्या पत्रातली खरी जोखीम अडीच लाखांत नाही, ती इथे आहे.

साफ्टाखाली बांगलादेशचा कपडा शुल्कमुक्त यायला दोन कसोट्या लागतात. पहिली म्हणजे कापडाचा तिथे खरोखर कपडा झाला पाहिजे. कापून, शिवून त्याचं सीमाशुल्क तक्त्यातलं शीर्षक बदललं पाहिजे. तयार शर्टाला नुसतं लेबल लावलं, इस्त्री केली, पिशवीत भरलं, तर ते चालत नाही. दुसरी कसोटी किमतीची. बाहेरच्या देशातून आणलेल्या कच्च्या मालाची किंमत कपड्याच्या जहाजावर चढतानाच्या किमतीच्या, म्हणजे एफओबीच्या, ७० टक्क्यांवर जाता कामा नये. निदान ३० टक्के भर बांगलादेशात पडली पाहिजे.

आकड्यांत बघा. समजा लहान मुलाचा टी-शर्ट अडीच डॉलर एफओबीनं मिळतोय. त्यात चीनहून आणलेलं होजियरीचं कापड दीड डॉलरचं, बटणं-लेबलं दहा सेंटची. बाहेरचा माल झाला एक डॉलर साठ सेंट, म्हणजे ६४ टक्के. हा शर्ट बसतो. आता एक जीन्स घ्या, एफओबी सहा डॉलर, तिचं बाहेरून आणलेलं डेनिम चार डॉलर चाळीस सेंटचं. हे झाले ७३ टक्के. ही जीन्स ढाक्यात शिवली, तिथल्याच बाईनं शिवली, तरी सवलतीत बसत नाही. एकाच कारखान्याचे दोन कपडे, एकाच कंटेनरमध्ये आले तरी एकावर ड्युटी शून्य आणि दुसऱ्यावर पूर्ण. म्हणून “बांगलादेशचा माल म्हणजे शून्य ड्युटी” हे वाक्य अर्धंच खरं आहे.

या कसोट्या पूर्ण झाल्याचं मूळ-देशाचं प्रमाणपत्र तिथला एक्स्पोर्ट प्रमोशन ब्युरो देतो. ते निर्यातदारानं काढायचं असतं, तुम्ही नाही. त्याचे पैसे कल्याणच्या माणसाकडून आगाऊ मागण्यासारखं त्यात काही नाही. पण ते हाती आलं की आपलं काम झालं, असं मात्र समजू नका. २०२० पर्यंत बहुतेक लोक तसंच समजत होते. त्या वर्षीच्या वित्त कायद्यानं सीमाशुल्क कायद्यात २८ डीए हे कलम आलं आणि २१ सप्टेंबर २०२० पासून त्याचे नियम लागू झाले. धंद्यातले लोक त्यांना ‘कारोटार’ म्हणतात. या कलमाचा गाभा एवढाच आहे: प्रमाणपत्र आहे म्हणून आयातदाराची जबाबदारी संपत नाही. कापड कुठलं, सूत कुठलं, शिवण कुठे झाली, भर किती टक्के पडली, ही माहिती माल मागवण्याआधी तुमच्याकडे असली पाहिजे आणि पाच वर्षं जपून ठेवली पाहिजे. त्याचा एक ठरलेला नमुना आहे, फॉर्म १. अधिकाऱ्याला शंका आली आणि त्यानं विचारलं, तर दहा कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर तो ढाक्याला पडताळणीसाठी लिहितो आणि तोवर ड्युटीच्या फरकाएवढी हमी घेऊनच माल सोडतो.

आता चीनचा माल ढाक्याच्या कागदांवर आणण्याविषयी. त्या सूचनेला घरात थारा देऊ नका. तो माल पकडला गेला तर जप्तीस पात्र ठरतो, माहिती लपवून बुडवलेली ड्युटी पाच वर्षं मागे जाऊन व्याजासकट वसूल होते, वर दंड. आणि हे सगळं आयईसी ज्याच्या नावावर त्याच्यावर येतं. भाऊजींचं नाव बिल ऑफ एन्ट्रीवर, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या कागदावर, आयातदार म्हणून नसेल, तुमच्या दुकानाचं असेल. आयात ज्यांनी वर्षानुवर्षं केली आहे असे व्यापारीही यातून सहज उठत नाहीत. सीसीवर चालणारं दुकान तर नाहीच उठणार.

याच्याच जवळची, पण प्रामाणिक माणसालाही अडकवणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे स्टॉक लॉट. युरोपातल्या मोठ्या ब्रँडनं ऑर्डर रद्द केली किंवा माल नाकारला की तो ढाक्यात लॉटनं विकला जातो. दर ऐकून मोह होतो. पण तो विकणारा कारखानदार नसतो, लॉट फिरवणारा व्यापारी असतो. कापड कुठून आलं, खर्चाची फोड काय, हे तो कुठून सांगणार? फॉर्म १ भरायला त्याच्याकडे काही नसतं. शिवाय कपड्यावर ब्रँडचं नाव तसंच असलं तर त्या ब्रँडनं आपल्या कस्टम्सकडे हक्क नोंदवलेला असू शकतो आणि माल तिथेच थांबतो. शून्य ड्युटीच्या भरवशावर स्टॉक लॉट घेऊ नका. पूर्ण ड्युटी धरूनही परवडत असेल आणि ब्रँडचा प्रश्न नसेल, तरच विचार करा.

बंदराचं भाऊजींनी काहीच सांगितलेलं दिसत नाही. पूर्वी ढाक्याचा माल ट्रकनं बेनापोल-पेट्रापोल सीमेवरून काही दिवसांत यायचा. १७ मे २०२५ च्या डीजीएफटीच्या अधिसूचनेनं बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरची सगळी ठाणी बंद झाली. माल फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन बंदरांतून येऊ शकतो. तुम्हाला न्हावा शेवा जवळ, हे खरं. पण बांगलादेशातल्या चट्टोग्राम बंदरातून निघालेला कंटेनर बऱ्याचदा कोलंबोला दुसऱ्या जहाजावर चढतो, त्यामुळे वेळ वाढतो. साफ्टाची आणखी एक अट इथे आडवी येते: माल थेट आला पाहिजे. वाटेत तिसऱ्या देशात जहाज बदललं तर चालतं, मात्र तिथे माल कस्टम्सच्या ताब्यातून सुटलेला नसावा, बाजारात गेलेला नसावा. म्हणून चट्टोग्राम ते न्हावा शेवा असं सलग बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, मागा. दोन तुकड्यांतलं घेऊ नका. हे नियम गेल्या दीड-दोन वर्षांत झपाट्यानं बदललेत, तेव्हा ऑर्डर देण्याच्या दिवशी डीजीएफटीच्या संकेतस्थळावर ताजी अधिसूचना वाचा, महिन्यापूर्वीच्या गप्पांवर जाऊ नका.

पैशांचा हिशेब करताना शुल्कमुक्त म्हणजे करमुक्त नव्हे, हे मिस्टरांना सांगा. सवलत मूळ सीमाशुल्काची आहे. ते कपड्यांवर साधारण २० टक्के असतं (२०१८ च्या पावसाळ्यात ते १० वरून दुप्पट झालं), काही प्रकारांत नगामागे ठरलेली रक्कम किंवा टक्केवारी यांतलं जास्त असेल ते. म्हणजे १० लाखांच्या मालावर सवलत मिळाली तर मूळ ड्युटीचे दोनेक लाख वाचतात. हा फायदा खराच मोठा आहे, त्याला कमी लेखू नका. पण आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, द्यावाच लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या नगाला ५ टक्के, त्यावर १८. तुमचे लहान मुलांचे कपडे पाचात बसतील आणि त्याचं क्रेडिटही मिळेल, पण माल सोडवताना ती रक्कम हातात लागते. त्याशिवाय क्लिअरिंगची फी, कंटेनर यार्डाचं भाडं आणि माल अडला तर रोज चढत जाणारं डेमरेज.

तुम्ही लहान मुलांचे कपडे विकता, म्हणून रंगांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काही अॅझो रंगांवर आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखाली बंदी आहे, कारण त्यांतून कर्करोगाशी संबंधित घटक सुटू शकतात. आयात होणाऱ्या प्रत्येक कापडी मालाला ही अट लागू आहे. माल निघण्याआधीच तिथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं, बंदी असलेले रंग नसल्याचं प्रमाणपत्र घ्या. नसेल तर इथे नमुने काढून तपासणीला पाठवले जातात आणि निकाल येईपर्यंत माल पडून राहतो. मी कस्टम्ससाठी हे सांगत नाही. सहा महिन्यांचं बाळ झबल्याची बाही दिवसभर चोखतं. ते झबलं तुमच्या दुकानातून गेलेलं असणार. कुणी “त्या सर्टिफिकेटचं बघून घेऊ” म्हणालं तर तो माल घेऊच नका.

श्रीलंकेचा कोटा मात्र खरा आहे. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार डिसेंबर १९९८ मध्ये झाला, १ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्यात वर्षाला ८० लाख नग तयार कपड्यांना सवलत आहे. सुरुवातीला त्यातला मोठा हिस्सा भारतीय कापडापासूनच शिवलेला हवा आणि माल ठरावीक बंदरांतूनच यायला हवा, अशा अटी होत्या. पुढे त्या सैल झाल्या. पण इथेही प्रमाणपत्र कोलंबोचा वाणिज्य विभाग श्रीलंकेच्या निर्यातदाराला देतो. आणि श्रीलंकेचे कारखाने मुख्यतः महागड्या ब्रँडचं काम करतात. तुमच्या गिऱ्हाइकाला परवडेल असा माल तिथे मिळणं अवघड आहे, म्हणून मी त्या वाटेला फार वेळ देणार नाही.

डीजीएफटीकडे अर्ज करून शुल्क-सवलतीचा कोटा घ्यावा लागतो, अशाही गोष्टी कापडधंद्यात आहेत. उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियाचा लांब धाग्याचा कापूस: डिसेंबर २०२२ पासूनच्या करारात वर्षाला ५१ हजार टन बिनशुल्क येतो आणि सूतगिरण्या त्यासाठी अर्ज करतात. भाऊजींनी कुठेतरी असंच काहीतरी ऐकलेलं असू शकतं. पण तो अर्जही संकेतस्थळावरच होतो, आणि तो कपड्यांचा नाही, कापसाचा आहे.

एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, २४ नोव्हेंबर २०२६. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०२१ मध्ये ठरवल्याप्रमाणे त्या दिवशी बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे. आज मिळणारी शून्य ड्युटी त्या दर्जामुळे मिळते. ती तारीख कायम राहिली आणि दोन्ही देशांत दुसरी काही व्यवस्था झाली नाही, तर सवलत पुढे तशीच मिळेल असं धरून चालता येणार नाही. दुकानाचा सगळा पाया या एका सवलतीवर उभा करू नका. माल मागवाल त्या दिवशी ही स्थिती काय आहे, हे आधी तपासा.

भाऊजींना नाही म्हणायची गरज पडेल असं मला वाटत नाही. त्यांना कागद मागा. मिस्टर समोर असताना, शांतपणे: “भाऊजी, परवाना कोणत्या अधिसूचनेखाली निघतो तिचा नंबर आणि तारीख द्या. आपला कस्टम्स ब्रोकर कोण, त्याचा लायसन्स नंबर द्या. ढाक्याच्या कारखान्याचं नाव आणि एका टी-शर्टच्या खर्चाची फोड द्या. पैसे बँकेतून थेट कारखान्याच्या खात्यात जातील, तुमचं कमिशन पावतीवर.” यात कुणाचा अपमान नाही. बँकही आगाऊ पैसे परदेशी पाठवताना आयईसी आणि प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे माल निघण्याआधीचं कच्चं बिल, मागतेच. ते म्हणाले, “घरच्या माणसाकडे कसले कागद मागता?”, तर तुम्ही म्हणा, “कागद आमच्यासाठी नाहीत, कस्टम्स मला विचारणार आहे.” आणि ते शब्दशः खरं आहे. त्यांनी खरंच कारखाना शोधून दिला, बोलणी करून दिली, तर त्यांचं कमिशन त्यांना जरूर मिळायला हवं, ते कष्टाचं असेल.

सरळ मार्गानं हा धंदा जमेल का, तर जमेल, पण मला वाटतं लगेच नको. ढाक्याचे चांगले कारखाने हजारोंच्या संख्येत एकच डिझाइन, एकच रंग शिवतात. तुमच्या दुकानाला मात्र दहा रंग, सहा मापं आणि प्रत्येकी थोडे थोडे नग लागतात. तसा माल तमिळनाडूतल्या तिरुपूरला मिळतो, परत करता येतो, फोनवर भांडता येतं आणि ड्युटीचा प्रश्नच येत नाही. बांगलादेश परवडतो तो साध्या, बारमाही खपणाऱ्या मालाला: पांढरा गंजीफ्रॉक, एकरंगी लेगिंग, शाळेच्या खेळाचा टी-शर्ट. तेव्हा आधी तुमच्या दुकानात वर्षभर न थांबता खपणारे दोन-तीन प्रकार कोणते, ते विक्रीच्या वह्यांतून काढा. कल्याण-उल्हासनगरच्या ओळखीच्या दोघा-तिघा होलसेलवाल्यांना तोच माल हवा असेल तर ऑर्डर एकत्र करता येईल, आयातदार मात्र एकच ठरवा आणि हिशेब लेखी ठेवा. पहिल्यांदा पूर्ण कंटेनर नको, दुसऱ्यांच्या मालाबरोबर येणारी लहान खेप मागवा. तिचा भाव पूर्ण ड्युटी धरून काढा आणि तरीही नुकसान होत नसेल तरच पुढे जा. खेप मागवताना गणपती-दिवाळीचा हंगाम टाळा. माल न्हावा शेव्याला तीन आठवडे अडकला तरी गिऱ्हाईक खोळंबणार नाही, असा महिना निवडा.